घरचं हमखास मत

ती. ताईंना,

तुमच्या भावजयीचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार. (पत्रातून ठेवलेलं डोकं कुणाला जड होत नाही, म्हणून जरा जास्त वेळ ठेवलं आहे.) तुमचा गुडघा कसा आहे? जिना चढताना कटकट वाजतो म्हणाला होतात. वाजू द्या. मुकाट्याने दुखणाऱ्यापेक्षा वाजणारा बरा, निदान घरच्यांना खरं तरी वाटतं. भाऊजी रक्तदाबाची गोळी वेळेवर घेतात ना? सूनबाईला माझा आशीर्वाद सांगा, आणि तिने विणून पाठवलेलं जाकीट आईंना अगदी मापात बसलं असंही सांगा. (बसलं नाही. पण आई म्हणतात, नातसुनेने विणलेल्याला घट्ट म्हणायचं नसतं, आपणच श्वास कमी घ्यायचा.)

इकडे सगळे खुशाल, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिते. आई खुशाल आहेत. मी उठते, बसते, चादरींच्या घड्या घालते, म्हणजे मीही खुशालच म्हणायची. पण ताई, गेल्या काही दिवसांत मला एकावर एक इतके धक्के बसले आहेत की आता दारावरची बेल वाजली तरी मी आधी खुर्चीचा हात धरते आणि मग "कोण?" विचारते. फोनच करणार होते, पण फोनवर तुम्ही मध्येच "अगंबाई!" म्हणता आणि माझा धागा तुटतो. या हकिकतीत "अगंबाई" म्हणायच्या जागा पुष्कळ आहेत. वाचताना हवं तिथे म्हणा, मी थांबणार नाही.

तर आमच्या लाँड्रीत निवडणूक झाली. हसू नका. तुम्ही एकदाच आमच्याकडे आला होतात आणि वाफेने तुमचा चष्मा धुरकटला म्हणून तुम्हाला काहीच दिसलं नव्हतं, तेव्हा आधी सांगते. गावातल्या सगळ्या दवाखान्यांच्या आणि लॉजांच्या चादरी आमच्याकडे येतात. पुढे धुलाईखातं, तिथे सगळे पुरुष. जमीन कायम ओली, आणि मशिनांचा आवाज इतका की तिथली माणसं घरी बायकोशीसुद्धा ओरडूनच प्रेमाने बोलतात. त्याच्या मागे मोठी इस्त्री, म्हणजे वाफेवर तापणारा एक लांबलचक लोखंडी रूळ. त्याच्या मागे आमचं घडीखातं, तिथे सगळ्या बायका. अगदी कोपऱ्यात शिलाईकाकूंची खोली. फाटलेल्या चादरी त्या सांधतात. कितीतरी वर्षं सांधताहेत, त्यांचं खरं नाव आता पगाराच्या पाकिटावरच उरलं आहे. आणि मागच्या अंगणात बॉयलर. त्या बॉयलरचे देव, पुजारी आणि घंटा, तिन्ही एकटे तुमचे भाऊ, म्हणजे आमचे हे. त्यांनी वाफ दिली तर इस्त्री तापणार, इस्त्री तापली तर आम्हाला चादरी मिळणार. त्यामुळे त्यांची मान लाँड्रीत एक वीत वरच असते. (घरी मी ती जागेवर आणते.)

मॅनेजरसाहेबांकडे कामगारांचं गाऱ्हाणं न्यायला एक प्रतिनिधी असतो. इतकी वर्षं ते काम धुलाईखात्यातले आजोबा करायचे. त्यांचे कान पार गेले होते. साहेब काय म्हणतात ते त्यांना ऐकू यायचं नाही आणि आम्ही काय म्हणतो तेही नाही, त्यामुळे दोन्ही बाजूंना ते फार निःपक्षपाती वाटायचे. ते निवृत्त झाले आणि जागा रिकामी झाली. झालं! तुमच्या भावांनी त्याच संध्याकाळी बूट काढता काढता जाहीर केलं की मी उभा राहतो आहे. मी म्हटलं, का? म्हणाले, "का म्हणजे? माझा आवाज खणखणीत आहे." कारण तर खरंच होतं, ताई. आवाज आहे. काय बोलायचं ते अजून ठरलं नव्हतं, इतकंच.

दुसऱ्या दिवशी आमच्या घडीखात्यात खुसफूस सुरू झाली. लाँड्रीत बायका जास्त, पुरुष कमी, आणि प्रतिनिधी आजवर कायम पुरुष. हा हिशोब इतकी वर्षं कुणी केला नव्हता तो आमच्यातल्या चष्मेवालीने जेवणाच्या सुट्टीत एका उशीच्या अभ्र्यावर बोटाने करून दाखवला. सगळ्या जणी अशा चमकल्या की जणू कुणी दिवा लावला. बाई उभी करायची! कोण? तर सगळ्यांत मोठ्या शिलाईकाकू. काकू तेव्हा सुईत दोरा ओवत होत्या. दहा जणी दारात उभ्या राहिल्या आणि "काकू, तुम्ही उभ्या राहायचं" म्हणाल्या. काकूंना वाटलं खुर्ची हवी आहे. त्या उठून उभ्या राहिल्या, आणि टाळ्या पडल्या. इतकं सहज, ताई, मी तर कुणाला बस थांबवतानासुद्धा पाहिलं नाही. मग घोषणा ठरली, "बाईचं मत बाईला!" घडीखात्यात दिवसभर तीच. दोघी दोघी समोरासमोर चादर धरतात. एकीने "बाईचं मत" म्हणायचं आणि टोकं जुळताना दुसरीने "बाईला" म्हणायचं. काम भराभर झालं हे खरं. मुकादमसुद्धा खूश होता, त्याला वाटलं भजन आहे.

आता माझी अवस्था बघा. मी बाई. आणि समोरचा उमेदवार माझा नवरा. घरी हे गृहीत धरून बसले होते की एक मत घरचं, ते हमखास. मला विचारलंसुद्धा नाही. मीठ घातलंय का हे तरी विचारतात, पण मत नाही! आणि कामावर बायकांनी गृहीत धरलं की मी बाई, म्हणजे एक मत बायकांचं. तिथेही कुणी विचारलं नाही. माझं एकच मत, आणि ते दोन्हीकडच्या खिशात आधीच जमा! माझ्याजवळ काय उरलं, तर आत जाऊन कागदावर खूण करायचे कष्ट.

मला वाटलं, ताई, निदान एक साधा प्रश्न विचारावा. तुम्हाला ठाऊक नसेल, बायकांचा संडास आमच्याकडे मागच्या अंगणात आहे, बॉयलरच्या समोर. पत्र्याचं दार आणि त्याला आतून कडी नाही. कधी होती कोण जाणे. म्हणून आम्ही जोडीने जातो. एक आत, दुसरी बाहेर दार धरून उभी. वाफेने घामाघूम होऊन उन्हात दार धरून उभं राहायचं, आणि वर मुकादम म्हणणार, दोघी एकदम कशाला गेलात? हे वर्षानुवर्षं चाललं आहे. तेव्हा बायकांच्या सभेत (म्हणजे घडीच्या टेबलाभोवती) मी म्हटलं, काकू निवडून आल्या तर साहेबांना त्या कडीचं सांगतील ना? कधी सांगतील, कसं सांगतील? काकू हातातला दोरा दातांनी तोडत राहिल्या. पण बाकीच्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी नुकत्याच धुतलेल्या चादरीवर पाय ठेवला आहे. चष्मेवाली म्हणाली, "आधी निवडून तर आणू. हे प्रश्न त्यांना विचारायचे असतात, आपल्या माणसाला नाही." आणि मागून कुणीतरी पुटपुटलं, "नवऱ्याने शिकवून पाठवलंय." माझ्या हातातून चादरीचं टोक सुटलं. ज्या बाईचं दार मी सकाळी धरलं होतं तिनेच ते म्हटलं होतं, ताई! हा पहिला धक्का.

बरं, म्हटलं घरी विचारू. चहा देताना विचारलं, तुम्ही निवडून आलात तर त्या दाराच्या कडीचं काय करणार? हे म्हणाले, "कुठलं दार?" मी म्हटलं, अहो, तुमच्या बॉयलरसमोरचं. बायका धरून उभ्या असतात ते. हे म्हणाले, "ते होय? मला वाटलं तिथे सावली असते म्हणून गप्पा मारायला उभ्या राहतात." ताई, सावली! तिथे दुपारी चार पानांचं झाडसुद्धा नाही! बॉयलरच्या पितळी मीटरचा काटा केसभर हलला तर झोपेतून उठून बसणारा हा माणूस. रोज माझ्याकडे, म्हणजे दार धरून उभ्या असलेल्या स्वतःच्या बायकोकडे बघून हात हलवतो, आणि त्याला वाटतं मी सावलीत उभी आहे! मी कप ठेवला आणि मोरीत जाऊन तोंड धुतलं. हा दुसरा.

तिसरा धक्का तुमच्या मातोश्रींनी दिला, तेव्हा टेकून बसा. मी रागारागाने भांडी घासत होते. आई आल्या आणि म्हणाल्या, एवढं काय मनाला लावून घेतेस, ज्याला द्यायचं त्याला दे, सांगायचं कुणाला कशाला? मी म्हटलं, तुम्ही नाही का मामंजी सांगतील तिथेच द्यायचात? (तुम्हीच मला लग्नानंतर सांगितलं होतं, आमचे बाबा मतदानाच्या सकाळी आईला चिन्ह दाखवायचे.) आई हसल्या. दात काढून ठेवलेले होते तरी हसल्या. "ते चिन्ह दाखवायचे, मी मान हलवायचे. मान बाहेर असते गं, बोट आत असतं." ताई, तुमच्या बाबांनी सांगितलेल्या माणसाला आईंनी जन्मात एकदाही मत दिलं नाही! आणि तुमचे बाबा दर वेळी घरी येऊन म्हणायचे, आपली दोन मतं पडली. मी विचारलं, मग द्यायचात कुणाला? म्हणाल्या, "एकदा एका बाईला दिलं, बाई आहे म्हणून. निवडून आल्यावर तिने तोंड दाखवलं नाही. पुढच्या खेपेला बाप्याला दिलं, त्यानेही दाखवलं नाही. तेव्हा कळलं, तोंड लपवण्यात बाई-बाप्या असा भेद नसतो." आणि शांतपणे दात लावून झोपायला गेल्या. (झोपताना काढायचे की लावायचे याचा त्यांचा गोंधळ अजून तसाच आहे.)

पण खरा अनर्थ दुसऱ्या दिवशी झाला. सावलीची गोष्ट यांच्या मनाला लागली असावी. मला न सांगता, दुपारी सगळ्या बायका जेवायला बसल्या असताना तुमचे भाऊ मोजपट्टी, स्क्रू आणि एक जुनी कडी घेऊन बायकांच्या संडासात शिरले. शिरले आणि दार लोटून घेतलं. कडी नाहीच! त्याचीच तर पाहणी चालली होती. आणि नेमक्या शिलाईकाकू, ज्या कधी जेवणाच्या सुट्टीत उठत नाहीत, त्या एकट्याच आल्या. दार ढकललं. आत विरोधी उमेदवार गुडघ्यांवर बसलेला, तोंडात चार स्क्रू, हातात मोजपट्टी! काकूंनी जी किंकाळी मारली ती धुलाईखात्यात ऐकू गेली, आणि धुलाईखात्यात काही ऐकू जात नाही हे मी वर लिहिलंच आहे. सगळं घडीखातं डबे टाकून धावलं. यांना खुलासा करायचा होता, पण तोंडात स्क्रू. "उं उं, उंऊं" करत कडी दाखवत होते. कुणाला ती कडी दिसली नाही. चष्मेवालीने डब्याचं झाकण उगारलं होतं. मी पुढे झाले आणि म्हटलं, आधी थुंका ते! स्क्रू पत्र्यावर टणटण पडले आणि मग हे म्हणाले, "चौकट कुजली आहे. स्क्रू धरत नाही. सगळं दारच बदलायला हवं."

त्यावर बोलायला कुणाला वेळच नव्हता, कारण तोवर तिकडे देवावाचून बॉयलर थंडावला होता. वाफ उतरली, इस्त्रीचा रूळ निवला, आणि दवाखान्याच्या चादरी ओल्याच्या ओल्या बाहेर येऊ लागल्या. त्या पुन्हा पिळायच्या, पुन्हा फिरवायच्या. धुलाईखात्यातले पुरुष तापले. (वाफेपेक्षा लवकर.) मला मात्र वाटत होतं की जमीन दुभंगावी. उमेदवार संडासात सापडला, आणि तो माझा! संध्याकाळी आम्ही एकाच रस्त्याने घरी आलो, पण मी चार पावलं पुढे चालत होते.

मतदान कँटीनमध्ये झालं. दवाखान्याच्या हिरव्या चादरीचा आडोसा, साबणाच्या पावडरीचा डबा हीच पेटी. कागदावर दोन चित्रं. काकूंची सुई, आणि यांनी स्वतः काढलेली ज्वाळा, जी हुबेहूब गाजरासारखी दिसत होती. मी आडोशाच्या आत गेले आणि, ताई, माझा हात उठेना. एकीकडे वाटे, हा माणूस निदान बघायला तरी गेला. अब्रू घालवून गेला. दुसरीकडे वाटे, त्याला बघायला जावं लागलं! इतकी वर्षं समोर उभं असलेलं दार कळायला त्याला निवडणूक लागली, बायकोचा संताप लागला, गुडघे टेकावे लागले. काकूंना ते कुणी सांगावं लागत नाही. त्यांचे स्वतःचे पाय तिथे उभे राहून सुजले आहेत. पण मग हेही वाटे, काकूंना ठाऊक आहे तर त्या बोलत का नाहीत? बाहेरून मुकादम ओरडला, आत झोपलीस की काय. मी खूण केली, घडी घातली (सवयीने चार घड्या), आणि बाहेर आले.

मोजणी सगळ्यांसमोर झाली. मुकादम एकेक कागद उलगडून ओरडत होता, "सुई! गाजर! गाजर! सुई!" बायका जास्त म्हणजे काकू येणार हे ठरलेलंच. चष्मेवालीने पेढ्यांऐवजी बिस्किटांचा पुडासुद्धा आणून ठेवला होता. आणि ताई, गाजरं संपेनात! शेवटी तुमचे भाऊ निवडून आले, आणि थोडक्यात नाही, चांगले भरघोस. बायका एकमेकींकडे बघत होत्या. पुरुष यांच्याकडे बघत होते. काकू एकट्या सुईसारख्या सरळ बसल्या होत्या.

मग तुमचे भाऊ स्टुलावर चढले. आवाज खणखणीत आहेच. सगळ्यांचे आभार मानले, बॉयलरचे मानले, आणि मग माझ्याकडे हात करून म्हणाले, "आणि माझी अर्धांगिनी! सगळ्या बायका विरोधात असताना माझं घरचं एक मत हमखास होतं. तिने नवऱ्याची साथ सोडली नाही!" टाळ्या वाजल्या. आणि माझ्या तोंडून, मी ठरवलं नव्हतं हो, आपोआप निघालं, "नाही."

हे हसले. म्हणाले, "काय नाही?"

मी म्हटलं, "मी तुम्हाला मत नाही दिलं. काकूंना दिलं."

ताई, हे स्टुलावरच होते, आणि उतरायचं कसं ते त्यांना आठवेना. शेवटी मुकादमाने हात दिला. दुसऱ्या दिवशी सकाळी यांनी पिशवी भरली, कामावर रजा कळवली, आणि बाहेरगावी जातो म्हणाले. कुठे ते त्यांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. जाताना दारातून एवढंच म्हणाले, "धुलाईखातं समजू शकतो. पण तू?"

धुलाईखातं म्हणजे काय, ते मला नंतर चहाच्या वेळी कळलं. तिथल्या पुष्कळ पुरुषांनी काकूंना मत दिलं होतं! का? तर बॉयलरवाला प्रतिनिधी झाला तर सारखा साहेबांकडे जाणार, वाफ उतरणार, चादरी ओल्या येणार. चांगला बॉयलरवाला घालवून प्रतिनिधी कशाला कमवायचा? आणि बायका? आता सगळ्या हळूहळू बोलू लागल्या. एक म्हणाली, काय करू, एकदा मी काम सोडून जरा बसलेली दिसले तेव्हा काकूंनी मुकादमाला सांगितलं होतं, ते विसरता येईना. दुसरी म्हणाली, कात्री मागितली तर काकूंनी दिली नाही. पण बहुतेकींचं म्हणणं एकच, निदान बघायला तरी गेला. चष्मेवालीला विचारलं तर म्हणाली, "मला वाटलं बाकीच्या सगळ्या बाईलाच देणार आहेत. मग माझं एक तिकडे गेलं तर काय बिघडलं?" ताई, प्रत्येकीला हेच वाटलं होतं. घोषणा सगळ्यांची आणि मत ज्याचं त्याचं! आणि जिला नवऱ्याने शिकवून पाठवलेली म्हणून हिणवलं, त्या मी एकटीने घोषणा पाळली की काय, असं मला वाटायला लागलं.

त्या दिवशी मी काकूंचं दार धरायला गेले. म्हटलं, काकू, वाईट वाटून घेऊ नका, माझं मत तुम्हालाच होतं. त्या आतून म्हणाल्या, "ठाऊक आहे, ऐकलं. पण माझं नव्हतं." मला वाटलं पत्र्यामुळे नीट ऐकू आलं नाही. त्या बाहेर आल्या, हात धुतले, पदराला पुसले. म्हणाल्या, "मी तुझ्या नवऱ्याला दिलं. मला उभी राहा म्हणाल्या, मी उभी राहिले. मला यातलं जमेल का, हे कुणी विचारलं? साहेबांसमोर माझी वाचा बसते. पूर्वी एकदा गेले होते याच दारासाठी. ते म्हणाले, एवढंच ना? मी म्हटलं, हो. आणि परत आले. बाई म्हणून मला सगळं कळतं गं. पण कळलेलं बोलायला दुसरं काहीतरी लागतं. ते तुझ्या नवऱ्याजवळ आहे. फक्त काय बोलायचं ते त्याला कळत नाही."

मी दार धरून तशीच उभी राहिले, ताई. आत कुणीही नव्हतं, तरी धरून.

मग आम्ही दोघी तशाच साहेबांकडे गेलो. काकूंनी माझा हात इतका घट्ट धरला होता की बोटं पांढरी पडली. मी बोलले. दार, चौकट, कडी, सगळं. साहेबांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, तुम्ही निवडून आलेल्या आहात का? नाही. मग तुमच्या प्रतिनिधीला घेऊन या. येत्या सोमवारी ठरणार आहे की मागच्या अंगणात नवं मशीन बसवायचं आणि तो संडास पाडून पार रस्त्यापलीकडे न्यायचा. कामगारांतर्फे कुणी आलं नाही तर आक्षेप नाही असं धरलं जाईल. रस्त्यापलीकडे, ताई! तिथे दार धरायला जोडी नाही, वरात लागेल.

असो. लिहिता लिहिता कागद संपले. तुमच्या गुडघ्याला शेक देत जा. आमच्याकडे या, वाफ फुकट आहे. लहानांना आशीर्वाद, मोठ्यांना नमस्कार, आणि या दोहोंत न बसणाऱ्यांना जे योग्य वाटेल ते.

तुमची,
धक्के खाऊन घडी पडलेली भावजय

ता. क. तुमचे भाऊ तुमच्याकडे आहेत हे मला ठाऊक आहे. आई म्हणाल्या, लहानपणी रुसला की ताईच्या मागे जाऊन उभा राहायचा, आताही तिथेच असणार. आता ते तुमच्या खांद्यावरून हे वाचत असतील तर त्यांना नीट बसवून वाचू द्या, गुडघ्यावर भार पडेल. (तुमच्या.) त्यांना सोमवारच्या आत परत पाठवा. नवरा म्हणून नाही, तो हिशोब आम्ही घरी करू. प्रतिनिधी म्हणून पाठवा. काय बोलायचं ते मी आणि काकू त्यांच्याकडून पाठ करून घेऊ. आणि सांगा, मी काकूंना मत दिलं, पण विरोधी उमेदवाराने, म्हणजे खुद्द काकूंनी, आपलं मत त्यांना दिलं. असा मान भल्याभल्यांना मिळत नाही.

आणखी एक ता. क. आईंनी तुमच्या बाबांना फसवलं तो भाग तुमच्या भावांना वाचू देऊ नका. एका आठवड्यात दोन बायकांचा धक्का त्यांना झेपणार नाही.

शेवटचा ता. क. तुम्ही तुमच्या वसाहतीच्या समितीला उभ्या आहात असं सूनबाईकडून कळलं. फार आनंद झाला! तुमच्या पलीकडच्या इमारतीत माझी मावसबहीण राहते, तिला मी लगेच कळवलं आहे की डोळे मिटून आमच्या ताईंना मत दे. एक तर बाई, आणि त्यात आपल्या घरची! ती विचारत होती, त्या निवडून आल्या तर करणार काय? मी तिला चांगली झापली. म्हटलं, असले प्रश्न आपल्या माणसाला विचारायचे नसतात.